शिकवलं तर माझा आकडा खाली येतो

ताई, नमस्कार.

मी रबाळ्याच्या एमआयडीसीत सीएनसी, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणाऱ्या, लेथवर सेटर आहे. कामासाठी मशीन लावायचं ते माझं काम. वय ५१. याच कंपनीत तेवीस वर्षं झाली. राहायला कळव्याला. आमच्याकडे आधी पूर्ण लाइनचं प्रॉडक्शन धरून सगळ्यांना सारखा बोनस मिळायचा. एप्रिलपासून नवी पद्धत आली. कोणाच्या मशीनवर शिफ्टला किती ओके जॉब निघाले ते बोर्डावर लागतं आणि महिन्याअखेर वरच्या पाच जणांना इन्सेन्टिव्ह मिळतो. बाकीच्यांना काही नाही. मला तीन महिने मिळाला. घराचा हप्ता आहे, मुलीचं शेवटचं वर्ष आहे, तो पैसा लागतोच.

शेजारच्या मशीनवर आयटीआय झालेला एक मुलगा आहे. त्याला लागून दोन वर्षं झाली. आधी त्याला सगळं मीच दाखवायचो, ठाण्याहून एकाच लोकलने यायचो. इन्सेन्टिव्ह सुरू झाल्यापासून मी हात आखडता घेतला. खरं सांगतो, मुद्दाम घेतला. पातळ बुशचा, म्हणजे धातूच्या नळीसारख्या तुकड्याचा, एक जॉब आहे, तो बोअरला, म्हणजे आतल्या भोकाला, ओव्हल होतो. फिनिश कटच्या आधी मी चकचं, म्हणजे जॉब धरून फिरवणाऱ्या पकडीचं, प्रेशर उतरवतो आणि स्पीडही बांधून ठेवतो. त्याने विचारलं तेव्हा म्हटलं, ‘बघून शीक.’ त्याने प्रेशर उतरवताना बघितलं. स्पीडचं त्याला कळलं नाही. मागच्या महिन्यात सेकंड शिफ्टला त्याचा जॉब चकमधून सुटून दरवाजाच्या काचेवर आदळला. काच तडकली, त्याला लागलं नाही. मेमो त्याला मिळाला, ‘ऑपरेटरची चूक’ म्हणून. मी गप्प बसलो. आता तो ठाण्याला दुसऱ्या डब्यात चढतो.

बायको म्हणते, तुम्ही कमावलेली विद्या आहे, फुकट का वाटायची? माझं चुकलं का? माझी तेवीस वर्षांची डायरी आहे. ती देऊन टाकू का?

— एक सेटर, रबाळे

नमस्कार.

मेमोपासून सुरू करते. बाकीच्या गोष्टींना महिना-दोन महिने लागले तरी चालतील, मेमोला चालणार नाही.

तुम्हाला हे समजावायची गरज नाही, पण हे सदर वाचणाऱ्या सगळ्यांनी लेथ पाहिलेला नसतो, म्हणून सांगते. पातळ बुश जास्त प्रेशरने आवळला तर पकडीत असेपर्यंत तो गोल असतो आणि सोडला की अंड्यासारखा होतो. म्हणून कसलेला माणूस शेवटच्या कटला प्रेशर कमी करतो. पण चक जोरात फिरतं तेव्हा त्यावरचे जॉ, म्हणजे जॉबला धरणारे जबडे, बाहेरच्या बाजूला ओढले जातात आणि जॉबवरची पकड सैल होते. स्पीड वाढेल तशी ती आणखी सैल होते. त्यामुळे प्रेशर उतरवलं की स्पीडला वरची हद्द घालावीच लागते. ती हद्द प्रोग्रॅममधल्या जी ५० च्या एका ओळीत असते. प्रेशरचा नॉब फिरवताना माणसाचा हात दिसतो, काटा खाली येताना दिसतो. ती ओळ शेजारच्या मशीनवरून दिसत नाही.

म्हणजे त्या मुलाने तुमचं अर्धंच काम उचललं, आणि धोका नेमका त्या अर्ध्यात होता. काचेवर भागलं, हे त्याचं आणि तुमचं दोघांचंही नशीब.

सोमवारी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी सुपरवायझरना भेटा. सांगा, या जॉबला प्रेशर उतरवताना स्पीडही बांधावा लागतो. हे मला माहीत होतं, सेटिंग शीटवर नव्हतं, आणि त्याने विचारल्यावरही मी त्याला सांगितलं नाही. आधी तोंडी सांगा, मग त्याच चार ओळी तारीख घालून लिहून द्या आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा. तुम्हाला मेमो मिळेल का? मिळूही शकतो. तेवीस वर्षांच्या नोकरीला एक मेमो झेपतो. दोन वर्षांच्या नोकरीत तोच कागद फाइलमधलं पहिलं पान होऊन बसतो, आणि पुढचा प्रत्येक साहेब ती फाइल उघडल्यावर आधी तेच वाचतो. मी अशा फाइली पुष्कळ वर्षं सांभाळल्या आहेत, म्हणून इतकं ठासून सांगते.

आता, चुकलं का? स्पीडच्या बाबतीत चुकलं. ते तुम्हालाही ठाऊक आहे, नाहीतर हे पत्र आलं नसतं. पण एप्रिलनंतर तुम्ही एकूणच जो हात आखडता घेतलात, त्याचा सगळा दोष मी तुमच्या पदरात टाकणार नाही, कारण तशी एक योजना मी स्वतः लिहिलेली आहे.

नव्वदच्या दशकात मी ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात पर्सोनेल खात्यात होते. मालकांना प्रॉडक्शन वाढवायचं होतं. मी आकडेमोड केली आणि योजना टाइप करून दिली : एकाच मशीनवरच्या दोन शिफ्टपैकी ज्याचा माल जास्त, त्याला जास्त पैसे. पहिले काही महिने आकडे चढले आणि माझं कौतुक झालं.

ग्राइंडिंगला एक काका होते. फर्स्ट शिफ्ट संपताना ते मशीनच्या अंगावर खडूने खुणा करून जायचे. व्हील किती ड्रेस केलं, म्हणजे घासून नीट केलं, एका वेळी किती माल घ्यायचा, जॉब कुठल्या बाजूला तापतो. सेकंड शिफ्टचा माणूस आला की त्या खुणा वाचायचा आणि अर्ध्या तासाचं सेटिंग पाच-दहा मिनिटांत लावायचा. योजना लागू झाल्यावर एकदा हजेरीच्या कामाने मी शिफ्ट बदलायच्या वेळेला शॉपमध्ये गेले, तर काका ओल्या चिंधीने त्या खुणा पुसत होते. अगदी कडेकोपऱ्यापर्यंत. मला बघून म्हणाले, “बाई, आता ज्याचं त्याने लावायचं.” मी मान हलवली आणि पुढे गेले. पुढे ते रिटायर झाले, त्यांच्या जागी आलेल्या माणसाकडून एक जॉब महिनोन्‌महिने रिजेक्ट होत राहिला, आणि शेवटी काकांना रोजंदारीवर परत बोलवावं लागलं. तेव्हा कुठे मला त्या चिंधीचा अर्थ कळला. काका बदलले नव्हते, होते तसेच होते. खुणा ठेवल्या तर समोरच्याचा माल वाढणार आणि आपले पैसे कमी होणार, हे मी त्यांना कागदावर लिहून दिलं होतं.

तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द मला ‘वरच्या पाच जणांना’ हा वाटतो. लोक म्हणतात, कामावर पैसे द्यायला लागले की माणसं एकमेकांना शिकवेनाशी होतात. ते तितकंसं खरं नाही. नगावर पैसे असले तर शेजाऱ्याने शंभर काढले म्हणून माझे ऐंशी कमी होत नाहीत. शिकवण्यात माझा वेळ जातो, तेवढंच नुकसान. पण पाचच खुर्च्या ठेवल्या की शेजारी वर चढला म्हणजे कोणीतरी खाली उतरलाच. मग शिकवणं म्हणजे स्वतःच्या खिशातली नोट काढून देणं होतं. तुम्ही एप्रिलमध्ये वाईट माणूस झाला नाहीत, तुम्हाला हिशेब कळला.

डोनाल्ड रॉय नावाचे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ १९४४-४५ मध्ये तिथल्या एका मशीन शॉपमध्ये रेडियल ड्रिलवर नोकरीला होते, पीस रेटवर, म्हणजे नगावर पैसे. १९५२ साली त्यांनी त्याबद्दल लिहिलं. तासाला सव्वा डॉलरच्या वर कमाई दिसली तर कंपनी दर कापेल, या धास्तीने कामगार तेवढ्यावर पोचले की हात थांबवायचे. वेळ मोजायला माणूस उभा राहिला की मुद्दाम सावकाश करायचे. तिथे खरा वेग लपवला जायचा तो साहेबांपासून, कारण नुकसान तिकडून येणार होतं. तुमच्याकडे आता नुकसान शेजारच्या मशीनवरून येतं, म्हणून तुम्ही शेजाऱ्यापासून लपवता.

आणखी एक गोष्ट आहे, ती तुमच्या साहेबांनी वाचावी असं वाटतं. बेंग्ट होल्मस्ट्रॉम आणि पॉल मिलग्रोम या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये मांडलं की एका माणसाकडे अनेक कामं असतील आणि मोजता येणाऱ्या एकाच कामाला पैसे बांधले, तर त्याचं लक्ष न मोजता येणाऱ्या कामांवरून उडतं. दोघांनाही पुढे वेगवेगळ्या वर्षी नोबेल मिळालं. तुमच्या बोर्डावर ओके जॉबचा रकाना आहे. नव्या मुलाला उभं केलं, पुढच्या शिफ्टला निरोप ठेवला, दुसऱ्याचं मशीन ठोकण्यापासून वाचवलं, यांचा रकाना नाही. आधी ही कामं फुकट व्हायची, कारण ती करून कोणाचं काही जात नव्हतं.

पण तुमच्या बाजूचाही एक हिशेब आहे, तो तुम्ही अजून मांडलेला दिसत नाही. कॅनडातल्या कॅथरीन कॉनेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये कामाच्या जागी माणसं माहिती कशी लपवतात याचे तीन प्रकार सांगितले : अर्धवट सांगून वेळ मारून नेणं, माहीत नसल्याचं सोंग घेणं, आणि कारण देऊन सरळ नाही म्हणणं. तुमचं ‘बघून शीक’ पहिल्यात मोडतं, आणि मशीनपाशी हाच प्रकार सगळ्यात वाईट. सरळ ‘नाही सांगणार’ म्हणाला असतात तर त्या मुलाने दुसऱ्या कोणाला विचारलं असतं. अर्धवट मिळालं म्हणून त्याला ते पुरेसं वाटलं. पुढे २०१४ मध्ये स्लोव्हेनिया आणि नॉर्वेतल्या संशोधकांना असं आढळलं की जो लपवतो त्याच्यापासून बाकीचेही लपवायला लागतात आणि शेवटी लपवणाऱ्याचंच नवं काही सुचणं कमी होतं. तुम्हाला अजून सात-आठ वर्षं नोकरी करायची आहे. उद्या नवा कंट्रोलर आला, कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम काढायची वेळ आली, तर ते आधी कोणाच्या हातात बसेल? त्या मुलाच्याच. आणि तो आज दुसऱ्या डब्यात बसतो.

वहिनींचं म्हणणं मला अर्धं पटतं, आणि ते अर्धं मी सोडणार नाही. तेवीस वर्षांत तुम्ही जे शिकलात ते मोडलेल्या इन्सर्टांतून, म्हणजे कापणाऱ्या पात्यांतून, नाइट शिफ्टांतून, साहेबांच्या बोलण्यांतून शिकलात. ते देऊन वर घरातला पैसाही घालवायचा, असं कोणी सांगत असेल तर ते बरोबर नाही. म्हणून डायरी देऊन टाकू नका. डायरी तुमची आहे. पण तिच्यातली सगळी पानं एका जातीची नाहीत.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कारखान्यांना लाखो नवी माणसं पटापट तयार करायची होती. तेव्हा १९४० ते ४५ मध्ये ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाचा सरकारी कार्यक्रम चालला. युद्धानंतर तो जपाननेही उचलला. त्यात शिकवणाऱ्याला सांगायचे की कामाच्या प्रत्येक टप्प्यातली कळीची गोष्ट वेगळी काढ. कळीची म्हणजे कोणती? जिच्यामुळे काम साधतं किंवा बिघडतं, जिच्यामुळे माणसाला इजा होऊ शकते, किंवा जिच्यामुळे काम हाताला सोपं जातं. एका रविवारी डायरी घेऊन बसा आणि या नजरेने वाचा.

इजेची पानं आधी काढा. बुशचं पान त्यातलं पहिलं. आणखी तीन-चार तरी निघतील : कुठला जॉब टेलस्टॉकशिवाय, म्हणजे दुसऱ्या टोकाच्या आधाराशिवाय, लावू नये, कुठल्या सॉफ्ट जॉवर किती खोल पकड लागते, कुठल्या प्रोग्रॅममध्ये टरेट, म्हणजे टूल धरणारं फिरतं तोंड, मागे आल्याशिवाय फिरू देऊ नये. ही पानं सोमवारीच सगळ्यांना मोकळी करा. यांवर इन्सेन्टिव्हची चर्चा नाही, अट नाही, नाव नाही. ती ज्याच्या मशीनवर लागू होतात त्याची आहेत.

काम साधणारी-बिघडवणारी पानं सगळ्यात जास्त असतील, आणि खरी किंमत त्यांची आहे. ती कँटीनमध्ये चहा पिताना कानात सांगू नका. सेटिंग शीटवर उतरवा, सुपरवायझरच्या सहीने, आणि खाली ‘माहिती देणार’ म्हणून तुमचं नाव आणि तारीख येऊ द्या. कानात सांगितलेली युक्ती आठवड्यात ‘सगळ्यांना माहीतच होती’ होऊन जाते. शीटवरचं नाव राहतं. कंपनीला या शीट हव्या असतील तर त्या लिहायला लागणारा वेळ तुमच्या टार्गेटमधून वजा करावा, हे आधी ठरवून घ्या. फुकट वाटायची नाही, असं वहिनी म्हणतात ना, त्याचं हे उत्तर आहे. किंमत घ्या, पण उघड्यावर घ्या.

उरली हाताची पानं. इन्सर्ट घासल्याचा आवाज कसा येतो, कूलंटची धार कुठे पडायला हवी. ती कागदावर उतरतच नाहीत. ज्याला द्यावीशी वाटतील त्याला द्या, हवं तेव्हा द्या. कोणी मागायला आलं आणि मन झालं नाही तर सरळ म्हणा, “आत्ता नाही.” अर्धवट मात्र सांगू नका.

इन्सेन्टिव्हबद्दल बोलायला मात्र साहेबांकडे एकटे जाऊ नका. युनियन असेल तर तिच्यामार्फत जा, नसेल तर अजून तीन-चार सेटर बरोबर घ्या. इन्सेन्टिव्ह बंद करा, असं म्हणू नका. कोणी ऐकणार नाही, आणि वरच्या पाचांतले बाकीचे चार तुमच्या अंगावर येतील. एवढंच मागा, की ‘वरचे पाच’ काढून टाका, जो ठरलेला आकडा पार करेल त्याला मिळू द्या. आणि त्यातला अर्धा भाग पूर्ण लाइनच्या ओके मालावर ठेवा. बोलायला जाण्याआधी त्या बुशच्या जॉबचं रिजेक्शन काढून घ्या, एप्रिलच्या आधीचे तीन महिने आणि नंतरचे, मशीनप्रमाणे. तुमच्या मशीनवर ते कमी आणि बाकीच्यांकडे जास्त असेल तर तो कागदच तुमच्या वतीने बोलेल. कोणी म्हणालं की माणशी पैसे दिल्याशिवाय कामच होत नाही, तर त्यांना क्लीव्हलंडच्या लिंकन इलेक्ट्रिकचं उदाहरण सांगा. वेल्डिंगची मशिनं करणारी ही कंपनी तिथल्या पीस रेटसाठी नावाजलेली. पण १९३४ पासून तिथे वर्षाअखेरचा जो बोनस दिला जाऊ लागला, तो नुसत्या नगांवर ठरत नसे. त्यासाठी माणसाला जे गुण दिले जात, त्यात दुसऱ्यांना सहकार्य करण्याचाही विचार होई.

एक गोष्ट मालकांच्या बाजूनेही बोलायला हवी. त्यांनी जुनी पद्धत उगाच मोडली नसणार. सगळ्यांना सारखं मिळतं तेव्हा एखादा अंग चोरतो आणि त्याच्या वाटचं बाकीचे ओढतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. म्हणून मी पूर्ण जुन्याकडे जा असं म्हणत नाही, अर्धं म्हणते.

आणि नाहीच ऐकलं तर? तर इजेची पानं मोकळी करा, मेमोचं निस्तरा आणि बाकीची डायरी बिनदिक्कत कपाटात ठेवा. तुमची मुलगी शिकते आहे. ज्या कंपनीला शिकवण्याचे पैसे द्यायचे नाहीत, तिच्यासाठी हप्ता चुकवायला मी तुम्हाला सांगणार नाही. तुमच्या मनाला त्याचा त्रास होईल हे पत्रावरून दिसतंय. पण तो त्रास एकट्याने डोक्यावर घेऊ नका, त्यातला बराचसा ज्याने बोर्ड लावला त्याचा आहे. माझ्या काकांच्या बाबतीत तो माझा होता.

त्या मुलाशी बोलायचं ते सुपरवायझरकडे जाऊन आल्यानंतर, आधी नाही. कँटीनमध्ये चारचौघांत नको आणि मशीनवर आवाजात नको. ठाण्याच्या प्लॅटफॉर्मवर वाशीची गाडी लागायला चार-पाच मिनिटं असतात, तेवढी पुरतात. लांबलचक माफी मागू नका, त्याला कसनुसं होईल. जी ५० ची ती ओळ, प्रेशर किती आणि स्पीड किती, हे एका कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून न्या. सांगा, “हे तुला आधीच सांगायला हवं होतं. मी ऑफिसात जाऊन तसं लिहून दिलंय.” तो काही बोलला नाही तरी चालेल. रबाळ्यापर्यंत तो त्याच्या त्या दुसऱ्या डब्यात जाऊन बसला तरी चालेल. कागद त्याच्या खिशात असू द्या, कारण तोच बुश तो त्या दिवशीही लावणार आहे.